पाकिटातला कट्टा तोच का?

प्रिय ज्युनिअर,
अनेक आशीर्वाद.

आर्म्स ॲक्टचं, म्हणजे शस्त्र कायद्याचं, पहिलं वकीलपत्र घेतलंस आणि दोषारोपपत्र पुरतं वाचायच्या आधीच ‘पोलिसांनी कट्टा (गावठी पिस्तूल) मुद्दाम अंगावर लावला’ हा बचाव ठरवून टाकलास, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. जरा दम धर. हे वाक्य मॅजिस्ट्रेटसाहेब रोज ऐकतात. कागदाचा आधार नसेल तर ते नुसतं रडगाणं ठरतं. अशिलाच्या कमरेतून काढलेली, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासलेली आणि कोर्टात दाखवलेली वस्तू एकच आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. तुझं काम या प्रवासात कुठे खंड पडलाय ते शोधण्याचं.

आधी वस्तू कोणती ते बघ, कारण कलम त्यावर ठरतं. गावठी कट्टा किंवा काडतूस विनापरवाना असेल तर कलम 3 आणि 25(1ब)(अ). 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2 आणि कमाल 5 वर्षं शिक्षा आहे. तलवार, गुप्ती, चॉपर असेल तर कलम 4 आणि 25(1ब)(ब). इथे शस्त्र नियमांच्या अनुसूचीतलं माप लक्षात ठेव: पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद हवं, आणि वस्तू घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामाची नसावी. पंचनाम्यात हमखास ‘मुठीसह 14 इंच’ असं लिहिलेलं असतं. मूठ वजा केली तर पातं साडेआठ इंच भरतं, आणि ते कुणी मोजलेलंच नसतं. शिवाय कलम 4 लागू व्हायला त्या भागासाठी केंद्र सरकारची अधिसूचना लागते. ती दोषारोपपत्रासोबत जोडली आहे का, बघ.

पण इथेच नवखे वकील फसतात. 9 इंचांचा मुद्दा जिंकतात आणि खाली लिहिलेलं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37(1)(अ) सह 135 विसरतात. पोलीस आयुक्तांच्या मनाई आदेशात साधा चाकूही येऊ शकतो. तिथे पात्याच्या लांबीला विचारतो कोण? या कलमासाठी आदेशाची प्रत माग. घटनेची तारीख त्या आदेशाच्या मुदतीत बसते का आणि तो आदेश जाहीर कसा केला, हे तपास. नारळवाल्याचा कोयता किंवा कोळणीची सुरी असेल, तर धंद्याचा परवाना, पावती, शेजारचा गाळेवाला, जे मिळेल ते पहिल्याच आठवड्यात गोळा कर.

रिमांडच्या दिवशी दोन गोष्टी विसरू नकोस. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली का? सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या मिहीर शहा निकालानंतर, अटकेच्या वेळी ती लेखी देता आली नाहीत तर निदान रिमांडच्या 2 तास आधी द्यावीच लागतात. दुसरं, त्याच दिवशी सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा अर्ज कर. पोलीस ठाण्यातलं चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. रस्त्यावरच्या दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) मात्र काही दिवसांत स्वतःवरच पुसून लिहितो. अशील म्हणत असेल की ‘मला दुपारीच घरातून उचललं आणि संध्याकाळी पुलाखाली पकडल्याचं दाखवलं’, तर त्याचा पुरावा त्या डीव्हीआरमध्ये आणि मोबाइलच्या लोकेशनमध्ये आहे, तुझ्या युक्तिवादात नाही. नुसतं 25(1ब)(अ) असेल तर दोषारोपपत्र दाखल करायला पोलिसांना 60 दिवस, आणि मोजणीत रिमांडचा पहिला दिवस धरायचा.

आता पंचनामा. सापळ्याच्या केसमध्ये आधी झडती आणि जप्ती होते, मग ठाण्यात येऊन फिर्याद, आणि तेव्हा कुठे गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. मग जागेवर लिहिलेल्या पंचनाम्याच्या माथ्यावर किंवा पाकिटाच्या लेबलवर तो नंबर आधीच कसा? तो त्याच शाईत, त्याच हस्ताक्षरात असेल तर पंचनामा ठाण्यात बसून लिहिला, असं सुचवायला जागा आहे. नंबरची जागा कोरी सोडून नंतर भरली असेल तर अधिकारी तसं सांगून मोकळा होईल, म्हणून मूळ कागद बघितल्याशिवाय हा प्रश्न विचारू नकोस. झेरॉक्सवर शाई कळत नाही. पंच कुठला आहे ते पाहा. लोअर परळच्या झडतीला मानखुर्दचा पंच कसा आला, आणि त्याच ठाण्याच्या किती पंचनाम्यांवर त्याची सही आहे? पंच फितूर झाला म्हणजे केस संपली, असं समजू नकोस. पोलिसाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होते.

1 जुलै 2024 नंतरच्या झडतीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 105 नुसार बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. ते माग, आणि त्यातल्या वेळा पंचनाम्याच्या वेळांशी लावून बघ. लाख तापवताना आणि सील मारताना चित्रणात कुणी दिसतंय का?

सीलचा मुद्दा किरकोळ नाही. अमरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात रिव्हॉल्व्हर जागेवर सीलबंद न करणं ही गंभीर त्रुटी मानली गेली. म्हणून एक साधा तक्ता कर: जप्ती, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद, कालिन्याला रवानगी, पोच. चारही ठिकाणी तारीख आणि पाकिटांची संख्या लिही. नेणाऱ्या शिपायाचा जबाब घेतलाय का? मधले आठवडे पाकीट कुणाच्या ताब्यात होतं? प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ असा शेरा आहे का? तीन जिवंत काडतुसांपैकी चाचणीत किती झाडली आणि किती परत आली, हा हिशेब जुळलाच पाहिजे. हत्यार चालू स्थितीत असल्याचं अहवालात नसेल तर तेही टिपून ठेव.

कट्ट्याच्या केसमध्ये खटला भरायला शस्त्र कायद्याच्या कलम 39 ची मंजुरी लागते, आणि मुंबईत ती आयुक्त किंवा अधिकार दिलेले उपायुक्त देतात. मंजुरी प्रयोगशाळेच्या अहवालाआधीची असेल तर अधिकाऱ्याने नेमकं काय वाचून सही केली, हे विचार. मंजुरीच नसणं आणि मंजुरीत दोष असणं यांत फरक आहे. दोषाची हरकत पहिल्या टप्प्यावर घे. अपिलात घेतलीस तर ‘न्यायाची हानी कुठे झाली?’ या प्रश्नावर अडकशील.

दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहतात आणि कट्टा पोटमाळ्यावर सापडतो, तिथे त्याच कायद्याचं कलम 35 येतं. हत्यार तिथे आहे हे त्या माणसाला माहीत होतं, असं मानायला कारण हवं; नुसतं तिथे राहणं पुरत नाही. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे 1994 च्या संजय दत्त निकालात घटनापीठाने स्पष्ट केलंय. विमानतळावर बॅगेच्या अस्तरात एकच काडतूस निघालं, तर हाच मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेता येतो. त्यासाठी बॅग कुणाची आणि घरात परवाना कुणाच्या नावावर, याची कागदपत्रं याचिकेलाच जोड. सहा काडतुसं असतील तर मात्र अशिलाला खोटी आशा दाखवू नकोस.

पुढची तारीख कळव. त्याआधी मुद्देमाल कारकुनाकडे जाऊन पाकीट कोर्टात आलंय का, विचारून ये. साक्षीच्या दिवशी ते सर्वांसमोर उघडायला लाव. लेबलवरच्या सह्या पंचाला आधी दाखवायच्या, मगच आतली वस्तू.

तुझा,
सिनिअर