दोन इंटरनेट लाईन, एक सर्व्हर : उत्तराने कोणत्या वाटेने परतावे?

प्रश्न : ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि गिऱ्हाइकांसाठीचे ऑर्डरींचे पोर्टल आमच्याच कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर चालते. पावसाळ्यात लाईन वारंवार बंद पडते म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीचेही कनेक्शन घेतले. दोन्हींचे स्टॅटिक आयपी (कायम तेच राहणारे इंटरनेट पत्ते) आहेत. परंतु बाहेरून पहिल्या पत्त्यावर पोर्टल उघडते, दुसऱ्यावर उघडत नाही. पहिली केबल काढली की मात्र दुसरा पत्ता चालू होतो. दोन्ही कंपन्यांचे तंत्रज्ञ आपापली लाईन ठीक असल्याचे सांगतात. सर्व्हर बदलावा लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्व्हर बदलू नका. तंत्रज्ञांचे म्हणणेही खरे आहे. दोष आहे तो सर्व्हरच्या राउटिंगमध्ये, म्हणजे पॅकेटने (माहितीच्या तुकड्याने) कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्यात. साधे राउटिंग टेबल पॅकेटला कोठे जायचे आहे एवढेच पाहते. ते ज्या विनंतीचे उत्तर आहे ती विनंती कोणत्या लाईनने आली होती, याची दखल ते घेत नाही.

आपल्या दुसऱ्या लाईनचा पत्ता १९८.५१.१००.१० आहे असे उदाहरणासाठी धरू. गिऱ्हाइकाची विनंती त्या लाईनने आत येते, सर्व्हर उत्तर तयार करतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी हाच पत्ता घालतो; परंतु डिफॉल्ट रूट (वेगळी सूचना नसताना वापरायची वाट) पहिल्या लाईनचा असल्यामुळे ते उत्तर पहिल्या कंपनीच्या जाळ्यात जाऊन पडते. त्या कंपनीच्या ताब्यात नसलेल्या पत्त्याच्या नावाने निघालेले पॅकेट तेथे टाकून दिले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण खोट्या पत्त्यांनी होणारे हल्ले रोखण्यासाठी ही गाळणी लावावी अशी शिफारस १९९८ सालापासून लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. केबल काढल्यावर डिफॉल्ट रूट दुसऱ्या लाईनकडे जातो आणि म्हणूनच तो पत्ता चालू होतो.

यावरचा उपाय लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून आहे, आणि त्याचे नाव पॉलिसी राउटिंग, म्हणजे पॅकेट कोणत्या पत्त्यावरून निघाले यासारख्या नियमांवरून वाट ठरवणे. प्रत्येक लाईनसाठी स्वतंत्र टेबल करावे, समजा १०१ आणि १०२, आणि प्रत्येकात त्या त्या कंपनीच्या गेटवेचा (त्या लाईनने बाहेर पडण्याच्या दाराचा) डिफॉल्ट रूट ठेवावा. मग ‘आयपी रूल’ या आज्ञेने दोन नियम घालावेत : पहिल्या पत्त्यावरून निघणारे पॅकेट १०१ मध्ये पाहावे, दुसऱ्या पत्त्यावरून निघणारे १०२ मध्ये. ज्या नियमाचा क्रमांक लहान तो आधी वाचला जातो. नेहमीच्या मुख्य टेबलाचा नियम ३२,७६६ व्या क्रमांकावर असल्याने आपले नियम त्याच्या आधी यायला हवेत.

येथे एक खाचखळगा आहे. या नव्या टेबलांत कार्यालयातील अंतर्गत जाळ्याचा मार्ग नसतो. त्यामुळे कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकाने सर्व्हरचा बाहेरचा पत्ता वापरला, तर त्याचे उत्तर घरातल्या घरात न जाता कंपनीच्या गेटवेकडे जाते. अंतर्गत मार्ग दोन्ही टेबलांत लिहावेत, किंवा सर्वांआधी मुख्य टेबल पाहणारा, पण त्यातील डिफॉल्ट रूटकडे दुर्लक्ष करणारा नियम घालावा. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण पुढे जाळ्यात भर पडली तरी दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागत नाही.

नियम घातल्यावरही दुसरी लाईन गप्प असेल, तर ‘आरपी फिल्टर’ तपासावा. येणाऱ्या पॅकेटचे उत्तर त्याच इंटरफेसने (सर्व्हरला लाईन जेथे जोडली आहे त्या द्वाराने) परत जाणार नसेल, तर हा फिल्टर कडक स्थितीत ते पॅकेट आत घेत नाही. टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या साधनात) विनंती आलेली दिसते, पण पोर्टलपर्यंत ती पोहोचत नाही. या लक्षणावरून तो ओळखता येतो. पॅकेटवर खूण करून राउटिंग करणाऱ्या मांडणीत ही अडचण हमखास येते. तेव्हा या फिल्टरची किंमत २, म्हणजे सैल, ठेवावी. केवळ एका इंटरफेसवर शून्य लिहून उपयोग होत नाही, कारण ‘ऑल’ या सर्वसाधारण मांडणीतील आणि इंटरफेसवरील किमतींपैकी जी मोठी तीच लागू होते.

यूडीपीवर (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणारी सेवा असेल, तर तिला पत्ता नेमून द्यावा, अन्यथा उत्तरावर कोणता पत्ता पडेल हे मुख्य टेबल ठरवते आणि वरचे नियम कामी येत नाहीत. ओपनव्हीपीएनमध्ये (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे येऊ देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यासाठी ‘मल्टीहोम’ हा पर्याय आहे.

हे सर्व आज्ञांनी केलेले असेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसले जाते. नेटप्लॅन किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी या लिनक्सवरील जाळे मांडणाऱ्या साधनांच्या मांडणीत ते लिहून ठेवणे आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्या महापे येथील कार्यालयात १०० आणि ५० एमबीपीएसच्या दोन लाईन आहेत. दोन्ही मिळून १५० चा वेग मिळेल का? आणि एक बंद पडल्यास दुसरी आपोआप चालू व्हावी, यासाठी काय करावे?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : एकाच मोठ्या फाईलसाठी १५० चा वेग मिळणार नाही. एका डिफॉल्ट रूटला दोन गेटवे देऊन त्यांचे वजन २ आणि १ ठेवता येते, परंतु कर्नल वाटणी करतो ती जोडण्यांची. एक जोडणी एकाच लाईनने जाते. अनेक जण एकाच वेळी काम करत असतील तेव्हा फायदा जाणवतो.

आपोआप बदलासाठी गेटवेला पिंग करणे (उत्तर येते का हे पाहण्यासाठी छोटा संदेश पाठवणे) पुरेसे नाही, कारण गेटवे बहुधा आपल्याच कार्यालयातील पेटी असते आणि बाहेर केबल तुटली तरी ती उत्तर देत राहते. प्रत्येक लाईनच्या पत्त्यावरून बाहेरच्या दोन-तीन ठिकाणांना पिंग करावे, आणि सलग काही वेळा उत्तर न आल्यासच रूट बदलावा. नाहीतर एखाद्या हुकलेल्या पॅकेटने लाईन सतत इकडून तिकडे फिरत राहील. बदल होताना चालू जोडण्या तुटतात, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. तोच पत्ता दोन्हीकडे चालावा असे वाटत असेल, तर स्वतःचे पत्ते आणि बीजीपी (ते पत्ते कोणत्या वाटेने सापडतील हे इंटरनेटवरील इतर जाळ्यांना कळवणारी पद्धत) लागते. लहान कार्यालयाने त्या खर्चात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी दोन्ही कंपन्यांना एक प्रश्न विचारावा : आपल्या इमारतीपर्यंत त्यांच्या केबल कोणत्या बाजूने येतात? दोन्ही केबल एकाच चरातून येत असतील, तर रस्त्याच्या एका खोदकामात दोन्ही तुटतील आणि वरचे कोणतेही राउटिंग त्यावर उपाय करू शकणार नाही. अशा वेळी दुसरी लाईन वायरलेस घ्यावी.