मुलगा माझा की देवाचा?

प्रश्न: पाळकसाहेब, मुलगा बारावीला आहे, मी इंजिनिअरिंगसाठी पैसे जमवलेत आणि तो म्हणतो नर्सिंग करणार. रोज भांडण होतं. चर्चमध्ये सगळे म्हणतात मुलं देवाची देणगी, मग बापाचं काहीच चालत नाही का?

उत्तर: दादा, चालतं की, पण मालकासारखं नाही, कारभाऱ्यासारखं. बायबलमधल्या स्तोत्र 127 मध्ये मुलं परमेश्वराकडून मिळालेलं धन आहेत असं म्हटलंय, म्हणजे मूळ धनी तो, आपण सांभाळणारे. आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (6:4) प्रेषित पौल बापांनाच सांगतो की मुलांना चिरडीला आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, हे आपण संडेस्कूलला शिकवतो आणि घरी विसरतो, मी पण विसरलोय माझ्या मुलीच्या वेळी, त्याचं अजून वाईट वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 15) येशूने सांगितलेल्या गोष्टीतला बाप बघा, पोरगा इस्टेटीतला वाटा मागतो तर देऊन टाकतो, आणि तो सगळं उधळून परत येताना लांबूनच दिसला तर स्वतः धावत जातो. तुमचा मुलगा तर आजाऱ्यांची सेवा करायला निघालाय! आज जेवताना त्याची माफी मागा, मग नर्सिंगच का ते विचारा आणि मधे न बोलता पूर्ण ऐका.