ड्युशेन असलेल्या मुलाला घेऊन मुंबईहून जर्मनीला येताना

ताई, तुमचा मुलगा पाच वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या जनुकीय आजाराचं, निदान नुकतंच झालंय, मिस्टरांना म्युनिकला नोकरी मिळतेय. मुलुंडचं घर सोडून यावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर या, पण आजार बरा होईल या आशेवर येऊ नका. ड्युशेनच्या जीन थेरपीला युरोपीय औषध संस्थेच्या समितीने जुलै २०२५ मध्ये नकार दिलाय. इथे सोपं होतं ते रोजचं जगणं: फिजिओथेरपी, स्प्लिंट, पुढे लागली तर व्हीलचेअर, हे बहुतांशी विम्यातून मिळतं.

म्हणून सगळं विम्यावर ठरतं. सरकारी विमाच घ्या. त्यात आधीचा आजार आडवा येत नाही, आणि नोकरी न करणारी बायको व मुलं त्याच हप्त्यात बसतात. पगार मोठा असेल तर एजंट खासगी पॉलिसी गळ्यात मारू बघतील. जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल, तर मोठ्या पगारावरही सरकारी विम्यात जाता येतं, मात्र अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. एकदा खासगीत गेलं की परत येणं फार कठीण. हा विमा नोकरी सुरू झाल्यावर लागू होतो आणि ट्रॅव्हल पॉलिसीत जुना आजार सहसा धरत नाहीत. त्यामुळे मिस्टरांनी आधी रुजू व्हावं, तुम्ही दोघं मागून या.

घरी सांभाळ करण्यासाठी मिळणारा मासिक भत्ता, फ्लेगेगेल्ड, पहिली दोन वर्षं हिशेबात धरू नका. आईवडिलांपैकी एकाचा तेवढा विमाकाळ भरावा लागतो. आजी-आजोबा आणि कामाच्या मावशी सोबत नसताना हीच दोन वर्षं जड जातात. दोघांनी एकाच वेळी पूर्णवेळ नोकरी धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघण्याआधी जनुकीय तपासणीचा संपूर्ण रिपोर्ट घ्या. नुसतं 'ड्युशेन आहे' एवढं पुरत नाही. कोणते एक्सॉन (जनुकाचे तुकडे) गेलेत किंवा वाढलेत ते त्यात हवं. तुमची कॅरिअर टेस्ट, म्हणजे हा जनुकीय दोष आईतही आहे का याची तपासणी, त्याच लॅबमधून करा, नेमकं काय शोधायचं ते त्यांना ठाऊक असतं. साधारण दोन तृतीयांश आया कॅरिअर असतात. तशा असाल तर स्वतःच्या हृदयाचीही तपासणी करत राहा. बाकीच्यांमध्ये हा बदल मुलात नव्यानेच झालेला असतो. घरात कुणी 'आईकडून आलं' म्हणून बोट दाखवत असेल, तर मिस्टरांनी तिथल्या तिथे थांबवावं.

गोवराच्या दोन डोसची तारखांसह नोंद लागेल, त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. कांजिण्यांची लस राहिली असेल तर ड्युशेनसाठी दिलं जाणारं स्टेरॉइड सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण ती जिवंत लस आहे. स्टेरॉइड चालू असेल तर तीन महिन्यांपर्यंतचा साठा प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा. ते अचानक बंद झालं की जिवावर बेततं, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (ताण पेलायला लागणारं संप्रेरक) बनवणं मंदावलेलं असतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तडक इस्पितळ गाठा. 'भूल देताना सक्सिनिलकोलीन आणि श्वासातून द्यायची भूल टाळा' हे जर्मनमध्ये लिहिलेलं कार्ड कायम जवळ असू द्या (सक्सिनिलकोलीन हे भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं औषध).

घर बघताना लिफ्ट हवीच, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या नकोत. अशा स्नायूंना चढण्यापेक्षा उतरणं जास्त इजा करतं. पत्ता नक्की झाला की लगेच बालरोगतज्ज्ञ गाठून एसपीझेड केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी आणि दीर्घ आजार पाहणाऱ्या तज्ज्ञ केंद्राची) चिठ्ठी मागा. तिथे महिनोन्‌महिने नंबर लागत नाही.

बोलणं उशिरा आलं तर कुणीतरी 'घरात फक्त जर्मन बोला' म्हणेल. ऐकू नका. ड्युशेनमध्ये बोलायला उशीर होऊ शकतो, त्याला दोन भाषा कारण नाहीत. मराठीच बोला, आणि स्पीच थेरपीची मागणी लावून धरा.