मेकॅट्रॉनिक्सच्या (यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोड एकत्र) दुसऱ्या वर्षाला आहे, डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करू?

कोडपासून नको, मोटरपासून कर. भार किती, तो किती वेगाने हलवायचा हे आधी ठरव. त्यावरून टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढ, मग मोटर, गिअर, ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट), बॅटरी निवड. बहुतेक मुलं हाताला लागेल ती मोटर जोडतात आणि रात्रभर कोडमधल्या चुका शोधत बसतात.

आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) मध्येच रीसेट होतोय? ऑसिलोस्कोप लावून व्होल्टेज बघ. मोटर सुरू होताना भरमसाट करंट खेचते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड दम टाकतो. मोटरला वेगळा सप्लाय दे, ग्राउंड मात्र दोन्हींचा एकच ठेव. एल२९८एन ड्रायव्हर स्वस्त असतो खरा, पण दोनेक व्होल्ट तोच खातो. ६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला जेमतेम ४ उरतात. मॉस्फेट ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर घे, तो कमी खातो.

आणि सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आखलेला एखादा शाफ्ट स्वतः लेथवर काढून त्यावर बेअरिंग बसवून बघ. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते तिथेच कळतं.