अंटार्क्टिकाच्या बर्फाखालून पाणी वाहत होते, हे समुद्रतळाच्या गाळावरून कसे ओळखतात?
हिमनदीने थेट टाकलेल्या गाळात चिकणमातीपासून धोंड्यांपर्यंत सारे एकत्र कालवलेले असते. आम्हा नागपूरकरांना असा गाळ, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, चंद्रपूर जिल्ह्यातील इरईजवळच्या ‘तालचीर’ नावाच्या प्राचीन खडकथरांत पाहता येतो. वाहते पाणी मात्र कण निवडते. त्यामुळे समुद्रतळातून काढलेल्या उभ्या नमुन्यात सरमिसळ गाळावर एकसारख्या बारीक कणांचा, खडे जवळजवळ नसलेला थर आढळला, तर तो बर्फाखालून बाहेर पडलेल्या गढूळ पाण्याने आणला असावा, असे अनुमान निघते. पश्चिम अंटार्क्टिकातील पाइन आयलंड उपसागरात असा गाळ मिळाला आहे आणि तेथील खडकाळ तळावर पाण्याने कोरलेले खोल चरही आहेत. हा जोडपुरावा मला विशेष भक्कम वाटतो, कारण बारीक गाळ सागरी प्रवाहही आणू शकतात.