ॲपलची विक्री एवढी जोरात, मग कामगार आणि कायद्यांवरून ओरड का?

विक्री जोरात आहेच. १८ एप्रिल २०२३ला मुंबईतल्या बीकेसीतलं ॲपलचं दुकान उघडायला कंपनीचे प्रमुख म्हणून खुद्द टिम कुक आले होते. नवा आयफोन आला की तिथे पहाटेपासून रांग, त्यात बरेचसे ईएमआयवाले. पण फोन जोडणारा कामगार ॲपलच्या पगारावर नसतोच. डिसेंबर २०२०मध्ये कर्नाटकात नरसापूरला विस्ट्रॉनच्या, म्हणजे ॲपलसाठी आयफोन जोडणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या, कामगारांनी थकलेल्या पगारावरून कारखाना फोडला. ॲपलने विस्ट्रॉनला नवं काम देणं थांबवलं. म्हणजे नाव ॲपलचं, खापर कंत्राटदारावर. मला हे पटत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर धाक असला की कंपनी बरोबर वळते. युरोपने सगळ्या फोनना यूएसबी-सी या एकाच चार्जिंग पोर्टची सक्ती केली आणि आयफोन १५ला ते आलं. आपल्याकडे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या स्पर्धा आयोगाने ॲप स्टोअरची चौकशी २०२१च्या अखेरीस लावली, ती वर्षानुवर्षं रेंगाळली.