‘अंडरडॉग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘रॉकी’ या १९७६च्या मुष्टियुद्धपटावर मराठीत लिहायचं आहे आणि ‘अंडरडॉग’ हा शब्द जागोजागी अडतो आहे. कोशात ‘पददलित’ मिळाला, कुणीतरी ‘दुबळा’ सुचवला, पण वाक्यात दोन्ही बसेनात. मग नेमका शब्द कोणता?

बसेनात हे तुमच्या कानाने बरोबर टिपलं. ‘पददलित’ हा या इंग्रजी शब्दाच्या दुसऱ्या अर्थाला लागू पडतो. समाजात चिरडला गेलेला, अन्याय सोसणारा, असा तो अर्थ. रॉकी बाल्बोआ गरीब आहे, फिलाडेल्फियाच्या पडक्या वस्तीत राहतो, पण पोटासाठी तो एका सावकाराची वसुली करतो. पैसे न देणाऱ्याचा अंगठा मोडून ये, असं सांगून ज्याला पाठवतात, त्याला पददलित म्हणताना लेखणी थबकणारच. (तो अंगठा मोडत नाही, ही त्याच्या स्वभावाची गोष्ट.)

‘दुबळा’ तर सरळच चूक. गोठवलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करणारा, जगज्जेत्या अपोलो क्रीडला पहिल्याच फेरीत खाली पाडणारा माणूस दुबळा कसा? ‘नवखा’ही नाही, कारण तो तिशीला टेकलाय आणि वर्षानुवर्षं छोट्या सभागृहांत मार देत-खात आलाय. दुबळेपणा आणि नवखेपणा माणसात असतात. अंडरडॉगपण असतं ते बघणाऱ्यांच्या हिशेबात. लोकांनी सामन्याआधीच त्याला हरलेला धरलेलं असतं, एवढंच. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

शब्दाचं मूळ कुत्र्यांच्या झुंजीत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो रूढ झाला. झुंजीत खाली सापडलेला तो ‘अंडर डॉग’, वर बसलेला तो ‘टॉप डॉग’. लाकूड कापायच्या खड्ड्यात खाली उभं राहून करवत ओढणाऱ्यावरून हा शब्द आला, अशी एक कथाही सांगतात. ती ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. अशा कथांवर माणसांचा जीव असतो. या चित्रपटातही एक आहे. रॉकी डावखुरा, म्हणजे मुष्टियुद्धाच्या भाषेत ‘साउथपॉ’. लाजऱ्या एड्रियनला पहिल्यांदा फिरायला नेतो तेव्हा तो या शब्दाचा उगम तिला समजावून सांगतो: फार वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या आसपास एक डावखुरा लढवय्या होता, लढताना त्याचा हात न्यू जर्सीकडे व्हायचा, आणि ती दक्षिण दिशा, म्हणून साउथपॉ. व्युत्पत्ती म्हणून यात काही दम नाही. पण ज्याला आपल्याला काही येत नाही असंच वाटत आलंय, तो आवडत्या मुलीला आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट देऊ करतो. शब्दांच्या नादी लागलेल्या कुणालाही हा प्रसंग जवळचा वाटेल.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे. ‘टॉप डॉग’ला आपल्याकडे ‘वरचढ’ हा फर्मास शब्द आहे, पण त्याचा विरुद्धार्थी जोडीदार मराठीने घडवला नाही. ‘खालचढ’ कुणी म्हणत नाही. कुत्र्याचं रूपकही इथे उपयोगाचं नाही. मराठीत कुत्रं आलं की हिडीसफिडीस आली: कुत्र्याचं जिणं, कुत्र्याच्या मौतीने मरणं, ‘त्याला कुत्रं विचारत नाही’. शेवटचा वाक्प्रचार सुरुवातीच्या रॉकीला लागू पडेल, पण त्यात माया नाही. इंग्रजी शब्दात ती आहे. अंडरडॉग म्हटलं की बोलणारा बहुधा त्याच्याच बाजूचा असतो.

याच कारणाने ‘लिंबूटिंबू’ही मागे पडतो. मोठ्या मुलांच्या खेळात ज्याला नावापुरतं घेतात, ज्याचं बाद होणं मोजत नाहीत, तो लिंबूटिंबू किंवा कच्चं लिंबू. क्रीडापानांवर ‘लिंबूटिंबू संघ’ असं सर्रास छापतात. शब्द अस्सल आहे, खेळातलाच आहे, पण तो वरच्याने खालच्याकडे बघून वापरायचा आहे. अपोलोच्या तोंडी तो शोभेल. ठरलेला प्रतिस्पर्धी जायबंदी झाल्यावर तो स्थानिक मुष्टियोद्ध्यांची यादी चाळतो आणि रॉकीला निवडतो ते त्याच्या ‘इटालियन स्टॅलियन’ या टोपणनावासाठी. जाहिरातीत ते दणक्यात वाजेल म्हणून! हे लिंबूटिंबूलाच खेळायला घेणं झालं. प्रेक्षक मात्र रॉकीकडे तसं बघत नाही, आणि तुम्ही लिहिणार प्रेक्षक म्हणून.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘खिजगणतीत नसलेला’. काही जण ‘खिसगणती’ असंही लिहितात. या शब्दाची गंमत अशी की तो नकाराशिवाय येतच नाही. अमुक माणूस खिजगणतीत आहे, असं कुणी म्हणत नाही. नसतो, किंवा त्याला कुणी धरत नाही. शिवाय त्यात ‘गणती’ आहे. म्हणजे माणसाच्या ताकदीबद्दल तो काहीच बोलत नाही, मोजणाऱ्यांबद्दल बोलतो. नेमकं हेच हवं होतं.

चित्रपट या कसोटीवर पाहा. म्हातारा प्रशिक्षक मिकी याच्या व्यायामशाळेत रॉकीचं कपाट त्याला न विचारता दुसऱ्याला दिलं जातं, त्याचं सामान पिशवीत भरून बाहेर. रॉकी टीव्हीवर मांसाला ठोसे मारताना दिसतो तेव्हा अपोलोचा प्रशिक्षक थबकून बघत राहतो, अपोलोला बोलावतो. पण अपोलो सामन्याच्या व्यवहारात गुंतलाय, तो पडद्याकडे नीट वळतही नाही. आणि सामन्याच्या आदल्या रात्रीचा तो प्रसंग! रॉकी रिकाम्या सभागृहात एकटाच जातो. वर त्याचं भलंमोठं चित्र टांगलंय, आणि त्यातल्या चड्डीचे रंग चुकलेत. तो हे आयोजकाला सांगतो, अदबीने. आयोजक म्हणतो, त्याने काय फरक पडतो, तुम्ही खेळ छान करालच. चित्र रॉकीचं आहे, पण तो स्वतः हिशेबात नाही. ‘खिजगणतीत नसणं’ म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगेन.

दीड लाख डॉलर त्याला मिळणार आहेत. चित्रपटाच्या सुरुवातीला एक लढत जिंकून त्याच्या हाती जेमतेम चाळीस पडले होते. म्हणजे किंमत मोजली, पण माणूस मोजला नाही. ‘मोजणं’ या मराठी क्रियापदाचे दोन्ही अर्थ इथे असे समोरासमोर उभे राहतात.

‘छुपा रुस्तम’ मात्र टाळा. त्याचा गुण लपलेला असतो, तो शेवटी उघड होतो आणि सगळे चकित होतात. रॉकीचं काहीच लपलेलं नाही.

आणखी एक अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत अंडरडॉग हे नाम आहे, म्हणून आपणही नामच शोधत बसतो. पण हे नाम माणसाला कायमचं चिकटत नाही, ते एका लढतीपुरतं असतं. १९७९च्या दुसऱ्या भागात रॉकी अपोलोला हरवून जगज्जेता होतो, तेव्हा त्याचं अंडरडॉगपण सरतं. १९८५च्या चौथ्या भागात धिप्पाड रशियन ड्रॅगोसमोर तेच पुन्हा त्याच्याकडे येतं. मराठीत अशी जाणारी-येणारी गोष्ट क्रियापदाने नीट सांगता येते: ‘त्याचं पारडं हलकं होतं’, ‘त्याच्या बाजूने कुणी नव्हतं’, ‘त्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं’. नामाचा हट्ट सोडला की निम्मी वाक्यं आपोआप सुटतात. जिथे नाम लागेलच, उदाहरणार्थ शीर्षकात किंवा ‘अंडरडॉगची कथा’ अशा ठिकाणी, तिथे देवनागरीत ‘अंडरडॉग’ खुशाल लिहा. क्रीडावाचकाला तो परका राहिलेला नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण या लेखात ‘गो द डिस्टन्स’ही (शेवटच्या फेरीपर्यंत टिकणं) येणार, कारण रॉकीला तेवढंच हवंय. आदल्या रात्री तो एड्रियनला म्हणतो की मी जिंकू शकत नाही, पण अपोलोसमोर शेवटपर्यंत कुणी टिकलेलं नाही, आणि शेवटची घंटा वाजताना मी पायावर उभा असेन तर मला माझ्याबद्दल काहीतरी कळेल. याचं ‘अंतर कापणे’ करू नका, त्याने तो धावपटू होईल. ‘तग धरणे’ घ्या. पूर, दुष्काळ, वेढा, आजार यांच्यासमोर माणूस तग धरतो. तिथे जिंकण्याचा प्रश्नच नसतो, नाहीसं न होण्याचा असतो. ज्या लढतीवरून पटकथा लिहिणाऱ्या आणि रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला ही कथा सुचली ती अशीच होती. २४ मार्च १९७५ला चक वेपनर नावाचा मुष्टियोद्धा जगज्जेत्या मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. नवव्या फेरीत त्याने अलीला खाली पाडलं आणि पंधराव्या फेरीची शेवटची १९ सेकंदं उरली असताना पंचांनी सामना थांबवला. वेपनरला ती १९ सेकंदं मिळाली नाहीत, पटकथेतल्या रॉकीला मिळाली.

तेव्हा तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘ज्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं, त्याने पंधराही फेऱ्या तग धरला.’ निकाल पुढच्या वाक्यात सांगा. पंचांची मतं विभागली, सामना अपोलोला गेला, आणि सुजलेल्या डोळ्यांनी रॉकी गर्दीत एड्रियनला हाका मारत होता. त्याचं निकालाकडे लक्षच नव्हतं.